दुपारी शिकागो, रात्री फिलाडेल्फिया

4 ऑगस्ट 1982 रोजी जोएल यंगब्लड या खेळाडूने दुपारी शिकागोच्या रिग्ली फील्डवर न्यूयॉर्क मेट्स या संघाकडून एक हिट मारला, आणि त्याच रात्री फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियमवर मॉन्ट्रियल एक्स्पोज या संघाकडून दुसरा. एकाच दिवशी, दोन शहरांत, दोन वेगवेगळ्या संघांसाठी हिट मारणारा अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला तो एकमेव खेळाडू आहे. बॅटर चेंडू टोलवून, समोरच्या संघाच्या चुकीचा आधार न घेता, सुखरूप बेसवर (मैदानातल्या चार ठरावीक थांब्यांपैकी एकावर) पोहोचला की त्याच्या नावावर एक हिट लागतो. यंगब्लडचे दोन्ही हिट साधे सिंगल, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे, होते. विक्रमाच्या पुस्तकात नाव जावे असे त्या फटक्यांमध्ये काहीच नव्हते. जे होते ते त्या दोन फटक्यांच्या मधल्या काही तासांत होते.

तिसऱ्या इनिंगमध्ये यंगब्लडने शिकागो कब्जच्या फर्ग्युसन जेन्किन्सला सिंगल मारून संघासाठी दोन धावा मिळवून दिल्या. थोड्याच वेळात मॅनेजर जॉर्ज बॅमबर्गर यांनी त्याला मैदानातून परत बोलावले. चांगला खेळत असलेल्या माणसाला मधेच का काढले, असा प्रश्न त्याच्या मनात आलाच असणार. उत्तर असे मिळाले की, मेट्सने त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकले आहे, आणि मॉन्ट्रियलचा संघ त्या रात्री फिलाडेल्फियात खेळणार आहे. त्याच्या बदल्यात मेट्सला कोण मिळणार हेदेखील तेव्हा ठरलेले नव्हते. बेसबॉलच्या व्यवहारात 'नाव नंतर कळवण्यात येईल असा खेळाडू' अशी एक सर्रास वापरली जाणारी तरतूद आहे, आणि सौदा तिच्यावर झाला होता. सामान आवरून तो टॅक्सीने निघाला आणि वाटेत त्याच्या लक्षात आले की आपला ग्लोव्ह मैदानावरच राहिला. टॅक्सी परत फिरवून तो आणला, विमान कसेबसे गाठले, आणि सामना बराच पुढे सरकलेला असताना तो फिलाडेल्फियाच्या मैदानावर पोहोचला. नव्या संघाचे कपडे चढवून तो राइट फील्डमध्ये उतरला आणि बॅटिंगची पाळी आल्यावर त्याने स्टीव्ह कार्लटनला सिंगल मारला.

जेन्किन्स आणि कार्लटन हे दोघेही कारकिर्दीत 3000 हून अधिक बॅटर स्ट्राइकआउट करणारे, म्हणजे तीन स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजले जाणारे चेंडू) लावून बाद करणारे पिचर (चेंडू फेकणारे). पुढे 1991 मध्ये जेन्किन्सची आणि 1994 मध्ये कार्लटनची कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या गौरव-संग्रहालयात, निवड झाली. म्हणजे यंगब्लडने त्या दिवशी दोन ऐऱ्यागैऱ्यांना नव्हे, तर आपल्या काळातल्या दोन दिग्गजांना फटके मारले होते. ही कथा सांगणारे लोक बहुधा इथे थांबतात आणि श्रोता हसून 'काय दिवस म्हणायचा!' असे म्हणतो. मलाही ती पहिल्यांदा अशीच कळली आणि आवडली. नंतर मात्र तिच्या कडेला पडलेले तपशील मला अधिक महत्त्वाचे वाटू लागले.

पहिला तपशील दिव्यांचा आहे. दुपारी एका शहरात आणि रात्री दुसऱ्या शहरात खेळता यावे, यासाठी एक सामना दिवसा व्हावा लागतो, आणि 1982 मध्ये रिग्ली फील्डवरचे सर्व सामने दिवसाच होत, कारण तिथे दिवेच नव्हते. बाकीची मैदाने केव्हाच प्रकाशझोतात न्हाऊन निघाली होती. रिग्लीवरही दिवे लावण्याची तयारी 1941 मध्ये झाली होती. त्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, मालक फिलिप रिग्ली यांनी दिव्यांसाठी आणलेले साहित्य युद्धकार्याला देऊन टाकले, आणि मग तो विषय जवळपास अर्धे शतक तसाच राहिला. अखेर 8 ऑगस्ट 1988 रोजी तिथे पहिल्यांदा रात्रीचा सामना सुरू झाला. पाहुणा संघ फिलाडेल्फिया फिलीजचा होता. पहिल्याच इनिंगमध्ये शिकागोच्या राइन सँडबर्गने होमरन (एकाच फटक्यात चारही बेस फिरवून धाव देणारा हिट) मारला, आणि पाच इनिंग पूर्ण होण्याआधी असा पाऊस कोसळला की सामना रद्द करावा लागला. त्या काळच्या नियमानुसार पाच इनिंग न झालेला सामना झालाच नाही असे धरत, त्यामुळे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला तो होमरन सँडबर्गच्या खात्यावर कुठेही नाही. दुसऱ्या दिवशी झालेला सामना अधिकृत दृष्ट्या रिग्लीवरचा पहिला रात्रीचा सामना ठरला, आणि त्यात पाहुणे होते न्यूयॉर्क मेट्स.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे बॉस्टनजवळ राहिलो. फेनवे पार्कवर शेजारच्या खुर्चीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला स्कोअरशीट भरायला शिकवले. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे असतात. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेसमन 3, आणि असे करत राइट फील्डर 9. प्रत्येक बॅटरच्या नावापुढे प्रत्येक इनिंगचा एक चौकोन, आणि त्या चौकोनात पेन्सिलीने छोटा हिरा काढायचा. बॅटर जितके बेस पुढे गेला तितक्या हिऱ्याच्या बाजू गिरवायच्या, धाव झाली तर हिरा आतून काळा करायचा. शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू दुसऱ्या बेसमनकडे आणि तिथून पहिल्या बेसवर गेला व दोघे बाद झाले, तर 6-4-3 इतकेच लिहायचे. ते गृहस्थ पेन्सिलीला चाकूने टोक काढत आणि खाडाखोड झालेली त्यांना खपत नसे. क्रिकेटच्या स्कोअरबुकाची सवय असलेल्या मला ही पद्धत परकी वाटली नाही, आणि त्याला कारण आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारे हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्लिश होते आणि बेसबॉलकडे वळण्यापूर्वी क्रिकेटचे वार्तांकन करत.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले की, बेसबॉलमधल्या चमत्कारिक गोष्टी या मुळात कागदावरच्या गोष्टी असतात. मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका मोसमात 162 सामने खेळतो, म्हणजे सुमारे सहा महिन्यांत 2430 सामने. एखाद्या भरल्या दिवशी देशभर पंधरा सामने चालू असतात आणि प्रत्येक सामन्यातल्या प्रत्येक चेंडूची नोंद होते. इतके सामने होत असतील आणि इतकी काटेकोर चोपडी ठेवली जात असेल, तर त्या चोपडीत कधी ना कधी विचित्र ओळी उमटणारच. 2 मे 1917 रोजी याच शिकागोच्या मैदानावर, ज्याला तेव्हा वीगमन पार्क म्हणत, सिनसिनाटीचा फ्रेड टोनी आणि शिकागोचा हिप्पो वॉन या दोघांनीही नऊ इनिंग समोरच्या संघाला एकही हिट दिला नाही, आणि दहाव्या इनिंगमध्ये सामना निकालात निघाला तो जिम थॉर्पच्या फटक्याने. हा थॉर्प 1912 च्या ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता. त्याच 1917 सालच्या 23 जूनला बॉस्टनच्या बेब रूथने पहिल्याच बॅटरला चार बाहेरचे चेंडू टाकून बेस बहाल केला (याला वॉक म्हणतात), अंपायरशी हुज्जत घातली, त्याच्यावर हात टाकला आणि बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या अर्नी शोरच्या वेळी तो बेसवरचा खेळाडू पुढचा बेस चोरताना बाद झाला, आणि शोरने नंतरच्या सव्वीसच्या सव्वीस बॅटरना परत पाठवले. हा 'परफेक्ट गेम', म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर न पोहोचलेला सामना, म्हणायचा की नाही, याचा निकाल लागायला 1991 साल उजाडले. त्या वर्षी व्याख्या कडक केल्यावर शोरचा पराक्रम रूथबरोबरच्या भागीदारीतला 'नो-हिटर' (एकही हिट न दिलेला सामना) म्हणून नोंदला गेला. भागीदारीत रूथचा वाटा काय, तर एक वॉक आणि एक ठोसा.

अशा गोष्टी सांगत बसायला मला आवडते. 4 ऑगस्ट या तारखेचेच घ्या. यंगब्लडच्या दिवसाला बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी, म्हणजे 4 ऑगस्ट 1983 रोजी, टोरंटोत न्यूयॉर्क यँकीजच्या डेव्ह विनफील्डने दोन इनिंगच्या मधल्या सरावात फेकलेला चेंडू मैदानात बसलेल्या एका सीगल पक्ष्याला लागला, पक्षी मेला, आणि सामना संपल्यावर पोलिसांनी विनफील्डला प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याच्या आरोपाखाली ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी आरोप मागे घेण्यात आला. पण विनफील्डचा प्रकार निव्वळ योगायोग होता. यंगब्लडचा नव्हता, आणि मला या दोन प्रकारच्या नवलांमधला फरक महत्त्वाचा वाटतो.

यंगब्लडचा दिवस घडला, कारण दुपारच्या सामन्याच्या मध्यावर एका माणसाला तू आता दुसऱ्याचा झालास असे सांगता येत होते, आणि त्याला त्यावर नाही म्हणता येत नव्हते. तो 1977 पासून मेट्सकडे होता, आदल्याच वर्षी त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली होती. दहा वर्षे लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला स्वतःचा सौदा नाकारण्याचा हक्क 1973 पासून मिळालेला होता, पण यंगब्लडची लीगमधली दहा वर्षे भरायला बराच अवधी होता. ग्लोव्हसाठी टॅक्सी मागे फिरवणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, तर विक्रमवीरापेक्षा बदलीचा हुकूम हातात पडलेला आणि त्याच संध्याकाळी नव्या ठिकाणी हजर व्हायला निघालेला कर्मचारी अधिक दिसतो.

या व्यवहाराला नाही म्हणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न कर्ट फ्लडने केला होता. 1969 च्या ऑक्टोबरात सेंट लुइस कार्डिनल्सने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा मोसम ज्या शहरात काढले ते सोडून, आपल्याला न विचारता ठरवलेल्या गावी जायला त्याने नकार दिला. माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घेण्याची आणि विकण्याची वस्तू मी नाही, अशा आशयाचे पत्र त्याने त्या वर्षीच्या 24 डिसेंबरला बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांना लिहिले. कृष्णवर्णीय खेळाडूने हे शब्द लिहिण्याला त्या देशात काय अर्थ होता, हे वेगळे सांगायला नको. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972 मध्ये फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली. मात्र 1975 च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात निकाल दिला की, करार संपल्यावर आणखी एक वर्ष करारावाचून खेळलेला खेळाडू मोकळा होतो, आणि संघमालकांची जुनी पकड सैल झाली. करार चालू असेपर्यंत सौदे करण्याचा त्यांचा अधिकार मात्र राहिला, आणि यंगब्लडच्या टॅक्सीमागे तोच अधिकार उभा होता.

याच काळातला आणखी एक विलक्षण दिवस, खरे तर रात्र, या गोष्टीला जोडून सांगितल्यावाचून राहवत नाही. 18 एप्रिल 1981 च्या संध्याकाळी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या मॅककॉय स्टेडियमवर पॉटकेट आणि रॉचेस्टर या दुय्यम लीगच्या संघांचा सामना सुरू झाला. नऊ इनिंगअखेर बरोबरी, म्हणून खेळ पुढे चालू. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेपुढे नवी इनिंग सुरू करू नये, असा त्या लीगचा नियम होता, पण अंपायरांच्या हातातल्या नियमपुस्तिकेच्या प्रतीत नेमका तो नियम छापायचा राहून गेला होता, आणि पुस्तकात नाही ते अंपायर कसे मानणार? कडाक्याच्या थंडीत खेळाडूंनी मोडक्या बॅट पिंपात पेटवून शेक घेतला. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने धाव काढली, आता सुटलो असे सगळ्यांना वाटले, तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्सने बरोबरी साधली. आपल्याच संघातले लोक मिठी मारतील की मारायला धावतील, अशी त्याला शंका आली असे तो पुढे सांगत असे. लीगच्या अध्यक्षांशी अखेर फोनवर संपर्क झाला आणि बत्तीस इनिंगनंतर पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, ईस्टरच्या दिवशी, खेळ थांबवण्यात आला. प्रेक्षकांत तेव्हा 19 माणसे उरली होती. त्यांना मोसमभराचे पास देण्यात आले. इतका वेळ काकडत बसून बक्षीस काय, तर आणखी बेसबॉल. मला तरी ते योग्यच वाटले असते.

उरलेला सामना 23 जूनला झाला आणि 18 मिनिटांत संपला. तेहतिसाव्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाने सिंगल मारला आणि पॉटकेट जिंकले. दुय्यम लीगच्या त्या 18 मिनिटांसाठी देशभरातून पत्रकार लोटले होते, कारण त्यांना दुसरे काही कामच नव्हते. 12 जूनपासून मेजर लीगचे खेळाडू संपावर होते, आणि संपाचा मुद्दा असा होता की, मोकळा झालेला खेळाडू नव्या संघाकडे गेल्यास जुन्या संघाला भरपाई म्हणून काय द्यायचे. माणूस संघाच्या मालकीचा किती आणि स्वतःचा किती, याच प्रश्नाचे हे पुढचे प्रकरण होते. त्या सामन्यातले दोन तिसरे बेसमन, बॉग्स आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकन, हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. सामना जिंकून देणारा कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

अलीकडच्या काळात यंगब्लडच्या तोडीचे नवल घडले ते डॅनी जॅन्सनच्या बाबतीत. 26 जून 2024 रोजी फेनवे पार्कवर टोरंटो ब्लू जेजकडून तो बॅटिंगला उभा होता, दुसरी इनिंग चालू होती, एक चेंडू टाकून झाला होता, आणि पाऊस आला. सँडबर्गचा होमरन पुसून टाकणारा जुना नियम आता राहिलेला नाही. 2020 पासून असे अर्धवट सामने जिथे थांबले तिथूनच पुढे खेळवले जातात. हा सामना 26 ऑगस्टला पुरा करायचे ठरले. मधल्या काळात, 27 जुलैला, टोरंटोने जॅन्सनला बॉस्टन रेड सॉक्सला दिले. बॉस्टनचे मॅनेजर ॲलेक्स कोरा यांना ही संधी कळली आणि त्यांनी ती सोडली नाही. 26 ऑगस्टला जॅन्सन बॉस्टनचा कॅचर म्हणून प्लेटमागे बसला आणि त्याच्याच अर्धवट राहिलेल्या पाळीसाठी टोरंटोने डॉल्टन वार्शोला बॅटिंगला पाठवले. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला तो पहिला माणूस.

स्कोअरशीट भरणाऱ्याच्या नजरेने तो क्षण पाहायला हवा. वार्शो स्ट्राइकआउट झाला. बदली बॅटर स्ट्राइकआउट झाला आणि मूळ बॅटरवर आधीच दोन स्ट्राइक लागलेले असतील, तर बाद मूळ बॅटरच्या नावावर लागतो. दोनपेक्षा कमी असतील, तर तो बदली बॅटरच्या नावावर. जॅन्सनवर एकच स्ट्राइक लागला होता, म्हणून तो स्ट्राइकआउट वार्शोच्या खात्यात गेला. आणखी एक स्ट्राइक लागल्यावर पाऊस आला असता, तर प्लेटमागे बसून चेंडू अडवणारा जॅन्सन त्याच चेंडूवर बॅटर म्हणून बाद झाल्याची नोंद करावी लागली असती! टोरंटोच्या यादीत त्याचे नाव आहे आणि त्यापुढे एकही पाळी नाही. बॉस्टनच्या यादीत त्याच्यापुढे चार पाळ्या आणि एक हिट. सामना टोरंटोने 4-1 असा जिंकला आणि अधिकृत स्कोअररचे ते स्कोअरशीट कूपर्सटाउनला गेले.

पुढे खेळवलेल्या सामन्यातली सर्व कामगिरी मूळ तारखेवर जमा होते. त्यामुळे चोपडीनुसार जॅन्सन बॉस्टनकडून पहिल्यांदा खेळला तो 26 जूनला, म्हणजे टोरंटोच्या नोकरीत असताना. तेव्हा वॉशिंग्टनकडून खेळणाऱ्या हुआन सोटोच्या नावावर याहून गमतीची नोंद आहे. त्याचे मेजर लीगमधले पदार्पण 20 मे 2018 चे. पण 15 मेला पावसाने थांबलेला यँकीजविरुद्धचा सामना 18 जूनला पुढे खेळवला गेला, त्यात सोटोने होमरन मारला, आणि तो होमरन 15 मेच्या खात्यावर लागला. लीगमध्ये येण्याच्या पाच दिवस आधी त्याने होमरन मारलेला आहे. हा प्रकार दैवाचा नाही, हिशेबाच्या पद्धतीचा आहे. सोटोचे त्यात काहीच गेले नाही, म्हणून त्यावर मनमोकळे हसता येते.

जॅन्सनच्या बाबतीतही बहुतेक सगळे हसले, तोही हसला, आणि बेचाळीस वर्षांत खेळाडूंचे मानधन व मान इतका वाढलेला आहे की तिथे करुणा शोधत बसणे हास्यास्पद ठरेल. तरीही त्याचा सौदा झाला तेव्हा तो टोरंटोच्याच संस्थेत घडलेला खेळाडू होता, आणि महिन्याभराने ज्या लोकांच्या खुणा त्याला पाठ होत्या त्यांच्यासमोर कॅचर म्हणून बसायचे होते. विक्रमाच्या ओळीत हे मावत नाही, आणि मावावे अशी अपेक्षाही मी करत नाही.

यंगब्लडच्या त्या दिवसाचे निकाल असे लागले. शिकागोत मेट्स 7-4 असे जिंकले, फिलाडेल्फियात एक्स्पोज 5-4 असे हरले. नाव नंतर कळवायचा तो खेळाडू टॉम गॉर्मन हा पिचर ठरला. मॉन्ट्रियलमध्ये यंगब्लड उरलेल्या मोसमापुरताच राहिला. मोसम संपल्यावर फ्लडने मागितलेला आणि साइट्झच्या निकालाने पुढच्या पिढीला मिळालेला हक्क वापरून तो मोकळा झाला आणि त्याने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी करार केला. तिथे तो 1983 पासून 1988 पर्यंत, सहा मोसम, खेळला.